वाटाणे लावलेलं विमान

"या विमानाला वाटाणे चिकटवायचेत," मिस्टर प्रॉथेरो म्हणाले, आणि गॅरेजमधली ठोकाठोक एकदम थांबली.

काही जणींना वाटलं, साहेबांचा ताप डोक्यात गेला. आले त्या दिवसापासून ते शिंकतच होते. मार्च महिना, बस गॅरेजची दारं सताड उघडी, आणि वेल्सहून आलेले हे किडकिडीत इंजिनियर लोकरीचे हातमोजे घालूनच वावरायचे. जेवतानासुद्धा काढायचे नाहीत.

"कसले वाटाणे?" मेव्हिस कॉटरेलनं विचारलं.

सगळ्यांच्या मनातलं आधी कुणी बोलून टाकणार असेल, तर ती मेव्हिस. सतरा वर्षांची, हातात पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायची बंदूक, डोक्याला लाल फडकं आणि पायाला भिंगरी. चर्चमध्ये गुडघे टेकले तरी हिची टाच हलत असायची. शाळेतल्या बाईंनी तर तिला बाकाला बांधून ठेवायची धमकी दिली होती. मग युद्ध आलं, ऑल्डरफर्डच्या बसगाड्या रस्त्यावर गेल्या, त्यांच्या गॅरेजात स्पिटफायर विमानांची धडं आली, आणि धडांपाठोपाठ मेव्हिस आली. तिथे पहिल्यांदाच तिला कुणी "हलू नकोस" म्हणालं नाही. इथे हलायलाच पगार मिळायचा.

"वाळलेले वाटाणे," प्रॉथेरो म्हणाले. "दोन फाका केलेले. सूपमध्ये घालता ना, ते."

"आणि सूप कुठे ओतायचं? इंजिनात?"

पोरी फिसकन हसल्या. मुकादम मिस्टर गज मोठ्यानं खाकरले. प्रॉथेरो हसले नाहीत, कारण ते शिंकत होते.

आता वाटाणे कशाला, तर ऐका. स्पिटफायरच्या अंगावर एकही रिव्हेट डोकं वर काढत नाही. त्यासाठी प्रत्येक भोकाचं तोंड आधी बशीसारखं खोलगट करायचं, त्यात सपाट डोक्याचा रिव्हेट बसवायचा, बाहेरून मेव्हिसनं बंदूक लावायची आणि आतून पेगी थ्रिपनं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. वरून हात फिरवला तर रिव्हेट कुठे आहे ते कळता कामा नये. काम देखणं, पण वेळ खाणारं. तेच गोल डोक्याचे रिव्हेट घेतले, तर निम्म्याहून कमी वेळात मोकळं. फक्त मग विमानाच्या अंगभर घामोळं उठल्यासारखे फोड दिसणार, आणि वारा प्रत्येक फोडाला ठेचकाळणार.

"किती ठेचकाळणार, तेवढंच मला हवंय," प्रॉथेरो म्हणाले. "फोडांचं वेगळं विमान बांधायला वेळ कुणाकडे आहे? म्हणून प्रत्येक रिव्हेटवर अर्धा वाटाणा चिकटवायचा. उडवायचं, वेग किती घटला ते बघायचं. मग पंखांवरचे काढायचे आणि पुन्हा उडवायचं. सपाट कुठे हवेत आणि गोल कुठे चालतील, ते विमानच सांगेल."

"आणि धडावर गोल चालले तर?" हा प्रश्न विमानाच्या शेपटीतून आला. पेगी अंगानं एवढीशी, त्यामुळे तिची जागा कायम आत, अंधारात, ठोकळा पोटाशी धरून.

याचं उत्तर मिस्टर गजनी आपल्या बुटांकडे बघत दिलं. "तर धडाचं काम दुसऱ्या गावी जाईल. तिथे मोठं यंत्र आहे, गोल रिव्हेट ते धडाधड बसवतं. आणि धडाच्या बाकावरच्या पोरी जातील मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये. फुगे शिवायला."

फुगे म्हणजे शत्रूच्या विमानांना अडवायला आभाळात सोडतात ते, देवमाशाएवढे. हॉलमध्ये बायका ओळीनं बसून त्यांचे पट्टे शिवायच्या, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, मान खाली घालून. आणि त्यांच्यावर देखरेख कुणाची? तर मेव्हिसच्या सख्ख्या एडना मावशीची, जिच्या घरी ती राहायची.

मेव्हिसनं हिशेब केला. घरी मावशी, हॉलमध्ये मावशी, आणि मधल्या सगळ्या वेळात एक लाकडी खुर्ची!

"धडावर गोल चालणारच नाहीत," तिनं जाहीर करून टाकलं.

"ते तू ठरवायचं नाहीस, पोरी."

"मी कुठे ठरवतेय? विमान ठरवेल. मी त्याच्या वतीनं बोलतेय."

आता दुकानात वाटाणे कुठले असायला! पण एडना मावशीनं युद्धाचा वास दोन वर्षं आधीच ओळखून जिन्याखाली पिशव्या रचून ठेवल्या होत्या. मेव्हिसनं मागायला तोंड उघडलं आणि मावशीनं वाटाण्याच्या अक्षता लावल्या, त्याही वाटाण्याला हात न लावता.

"विमानाला? खायचे वाटाणे? अगं, पाखरांना पावाचा तुकडा टाकला तर दंड होतोय हल्ली, आणि मी पिशवीच्या पिशवी आभाळात उधळू?"

"उधळायचे नाहीत मावशी, चिकटवायचे."

"कशानं?"

"माशाच्या डिंकानं."

मावशीनं डोळे मिटून घेतले. कुणीतरी गेल्याची बातमी ऐकताना मिटतात तसे.

"लेनसाठी दे," मेव्हिस हळूच म्हणाली.

लेन तिचा थोरला भाऊ. वैमानिक झाला होता, छातीवर पंखांचा बिल्लाही लागला होता, पण त्यांच्या तुकडीत चौघांमागे एक स्पिटफायर. मागच्या रजेला आला तेव्हा म्हणाला, "आमचं शनिवारच्या आंघोळीसारखं आहे बघ मावशी. टब एक आणि न्हाणारे घरभर. माझी पाळी येईतो पाणी गार." सगळे हसले. लेनही हसला, पण टेबलाखाली त्याची टाच मेव्हिससारखीच हलत होती.

मावशी उठली. जिन्याखालून पिशव्या ओढून काढल्या. "सगळे परत पाहिजेत," ती म्हणाली. "माशाचा वास मी धुऊन काढीन. पण एक दाणा जरी वाया घालवलास ना, तर या घरात सूपचं नाव काढायचं नाही."

मग जी काही चिकटवाचिकटवी सुरू झाली! पंखांवर, धडावर, शेपटीवर, रिव्हेटमागून रिव्हेट, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात डिंकाची काडी. संध्याकाळी पोरी घरी निघाल्या की गावातली मांजरं त्यांच्यामागून मिरवणुकीनं चालायची. मेव्हिसला धीर नव्हता. ती आपला भाग संपवून दुसरीच्या भागात घुसायची, तिथून हाकलली की तिसरीच्या. शेवटचा वाटाणा लागला तेव्हा त्या विमानाकडे बघून पेगी म्हणाली, "गोवर आलाय गं बाईला."

वैमानिक होते मिस्टर लॅनियन. त्यांची एक भुवई कधीतरी जळाली होती, त्यामुळे चेहरा अर्धा कायम आश्चर्यात आणि अर्धा कायम कंटाळलेला. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली.

"उतरल्यावर हे खायचं आहे का मला?"

"वेग मोजून या, मग बघू," प्रॉथेरो म्हणाले.

जमिनीवर स्पिटफायर म्हणजे मेव्हिसहूनही अधीर. नाक आभाळात, समोरचं काही दिसत नाही, म्हणून वैमानिक ती नागमोडी वळवत नेतो. पंखाखाली इंजिन गार ठेवायची जाळी असते, तिच्यापुढे चाकाचा पाय आडवा येतो, वारा पोचत नाही. आणि जरा रेंगाळलं की पाणी उकळायला लागतं. एकदा सुरू केली की हिला थांबवू नये, उडू द्यावं. लॅनियननी तेच केलं. गवतावरून धावत, गरजत, ती वर उठली. लॅनियन हातपंपानं चाकं वर घेत होते, तर एका हाताच्या हिसक्यांबरोबर दुसऱ्या हातातलं विमानही क्षणभर डुचमळलं, आणि मग ढगाकडे सरळ निघालं. मेव्हिस कुंपणापर्यंत धावत गेली. उपयोग काहीच नाही, पण धावली.

परत आले तेव्हा लॅनियननी गुडघ्याला बांधलेला कागद प्रॉथेरोंना दाखवला. साडेतीनशे मैलांच्या पुढे पळणारी घोडी, आणि आज तिचा वेग ताशी बावीस मैलांनी कमी!

"बावीस!" मेव्हिस पेगीच्या गळ्यात पडली. "सपाटच पाहिजेत! ऐकलंस? सपाटच!"

"अजून धडाचं कुठे ठरलंय," पेगी म्हणाली. "आता पंख सोलायचे."

आणि इथेच घोळ झाला.

प्रॉथेरोंनी सांगितलं होतं, कोमट पाण्यात भिजवलेली पोती पंखांवर घालून ठेवायची. डिंक विरघळला की पुसून काढायचं. सोपं होतं. पण ओले झालेले वाटाणे फुगणार. फुगले की टिकणार नाहीत. आणि एडना मावशीला सगळे परत द्यायचे होते. प्रत्येकीच्या घरात असंच कुणीतरी होतं, बटाट्याची सालं उकडून घेणारं, चहाची पानं वाळवून पुन्हा वापरणारं. त्यामुळे पेगीनं कॅन्टीनमधून पातळ सुऱ्या आणल्या तेव्हा कुणाला ते चुकीचं वाटलंसुद्धा नाही. पात्याचं टोक दाण्याखाली सारायचं, टिचकी मारायची, दाणा कोरडाच्या कोरडा बादलीत. वरून सुकं फडकं फिरवलं. पंख चकाकले. गज मान डोलावून गेले, प्रॉथेरो लांबून बघून गेले, आणि बादलीभर वाटाणे मावशीकडे परत जायला सुखरूप पेगीच्या सायकलला लटकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमान पुन्हा वर गेलं. आता वाटाणे फक्त धडावर आणि शेपटीवर. वेग भरून निघाला तर मेव्हिसचा बाक गेला. नाही निघाला तर राहिला. ती बंदूक हातात घेऊन उभी होती, पण एक रिव्हेट धड बसेना. शेवटी गजनी बंदूक काढून घेतली. "जा बाहेर, तिकडे नाच."

लॅनियन उतरले. "अजून दहा मैल कमीच आहे," ते म्हणाले. "दहाच्या वरच, खरं तर."

बाकावर जो आरडाओरडा झाला तो पुलापलीकडे ऐकू गेला असेल. पेगी शेपटीतून बाहेर येऊन पहिल्यांदाच दिवसाढवळ्या नाचली. प्रॉथेरो तेवढे कपाळाला आठ्या घालून कागदाकडे बघत होते. "धडाला इतकं? मला वाटलं होतं... बरं. विमान म्हणतंय ते खरं. चार वाजता वरच्या ऑफिसला फोन करतो. सगळीकडे सपाट."

मेव्हिस विमानाकडे पळाली. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं, आभार म्हणा किंवा शाबासकी. तिनं पंखाच्या पुढच्या कडेवर तळहात थोपटला, "शाबास गं बये," म्हणाली, आणि हात मागे ओढला.

पत्रा नव्हे, मांजराची जीभ!

तिनं पुन्हा हात फिरवला, सावकाश. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण हाताला कडा लागत होत्या. बारीक, टणक, गोल कडा, एकीशेजारी एक, पंखभर. दाणे गेले होते, पण दाण्यांखालचा डिंक तसाच होता, काचेसारखा पारदर्शक आणि काचेसारखाच कडक. दहा मैल धडानं खाल्लेच नव्हते. ते पंखांवरच्या या खरखरीनं खाल्ले होते.

"पेगी," ती म्हणाली. "इकडे ये. हात लाव."

पेगीनं हात लावला. मग तिनं तो लगबगीनं एप्रनच्या खिशात घातला, जणू हातानं काही पाहिलंच नाही.

"मग?" पेगी म्हणाली.

"मग काय मग! हे धुतलं तर वेग भरून येईल."

"येईल कदाचित. आणि आपण फुगे शिवू. आत्ता दीड तास गप्प बस, राणी. चार वाजता फोन होईल, आणि मग पाहिजे तेवढं धू."

"पण विमानानं सांगितलंय ते खोटं आहे."

"विमानानं सांगितलं ते सांगितलं."

"विमानानं नाही गं. तुझ्या सुरीनं सांगितलं."

पेगीचा चेहरा लाल झाला. "माझी सुरी? सुऱ्या कुणी कुणी धरल्या होत्या? आणि कुणाचं काय बिघडणार आहे, सांग मला. सपाट रिव्हेट म्हणजे वेगवान विमान. तुझ्याच लेनला वेगवान विमान मिळतंय!"

हे बरोबर होतं. म्हणजे बरोबर वाटत होतं. मेव्हिसला ते इतकं हवंहवंसं वाटलं की तिनं मान हलवायला सुरुवातही केली. सगळीकडे सपाट. विमान सुंदर, बाक शाबूत, बंदूक हातात, पेगी शेपटीत. कुणाचं काय जातंय?

वेळ जातोय. दुसरं काय जाणार? धडामागून धड, सावकाश, बशीबशीनं. आणि तिकडे कुठल्यातरी मैदानावर लेन खुर्चीत बसून आपली पाळी येण्याची वाट बघतोय, चौथा.

ती विमानाच्या शेपटीपर्यंत चालत गेली. परत आली. पुन्हा गेली. तिनं स्वतःला सांगून बघितलं की एक मुलगी, एक तळहात, चूकही होऊ शकते. सांगून बघितलं की इंजिनियर ते आहेत, मी नाही. मेथडिस्ट हॉलच्या त्या खुर्चीचा पाय मोडका असल्याचं तिला आठवलं, आणि मावशीचा तो आवाज, "सरळ बस, मेव्हिस."  पण सगळ्यात जास्त तिला खुपत होतं ते वेगळंच. ही घोडी दहा मैलांनी मागे पडत नाही! कुणीतरी कागदावर लिहिणार की पडते, आणि ते आपण उभ्या उभ्या लिहू देणार?

तीनची शिट्टी झाली. चहा. कॅन्टीनच्या बाईंनी तांब्याचं मोठं पिंप ओढत आणलं, नळाखाली किटल्या लागल्या, कप घेऊन रांग लागली.

मेव्हिसनं दोन बादल्या उचलल्या, रांगेच्या पुढे घुसली आणि पिंपाचा नळ बादलीत सोडला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकदम हलकल्लोळ.

"चहाचं पाणी!"

"अगं ए, काय करतेस?"

"मिस्टर गज! मिस्टर गज, ही चहाचं पाणी घेऊन चाललीय!"

बॉम्ब पडला असता तरी त्या गॅरेजमध्ये इतका गोंधळ झाला नसता. बॉम्बची सवय होती. मेव्हिस वाफाळत्या बादल्या घेऊन, पाणी नडगीवर सांडत, विमानापर्यंत गेली, पोतं बुडवलं आणि पंखावर आपटलं. मग घासायला लागली. तिच्यामागून अख्खी रांग आली, रिकामे कप हातात घेऊन. सगळ्यात पुढे गज.

"कॉटरेल! वेड लागलंय का तुला?"

"डिंक राहिलाय!" ती न थांबता ओरडली. "पंखावर! आम्ही दाणे वाचवायला सुऱ्यांनी काढले, भिजवले नाहीत! हात लावून बघा!"

"काल तर पंख स्वच्छ होते, मी स्वतः बघितले..."

"बघून नाही दिसत! हात लावा!"

गर्दीतून प्रॉथेरो पुढे आले. त्यांनी पंखाच्या न धुतलेल्या टोकावर हात ठेवला, मग हाताकडेच जरा वेळ बघत राहिले, आणि उजव्या हाताचा मोजा काढला. आल्यापासून पहिल्यांदा. उघडी बोटं पत्र्यावरून फिरली आणि थबकली.

"अरे देवा," ते म्हणाले. मग गजकडे वळले. "फोन आता संध्याकाळी. लॅनियनना सांगा, अजून एकदा जायचंय. आणि अजून पाणी आणा."

"पाणी संपलं, साहेब," कॅन्टीनच्या बाई थंडपणे म्हणाल्या. "तिनं संपवलं."

शेवटी दुसरं पिंप तापवलं गेलं आणि तेही पंखावर गेलं. धडाच्या बाकावरची एकही मुलगी मदतीला आली नाही. पेगी तर नाहीच. मेव्हिस, प्रॉथेरो, आणि बाह्या वर सारून तोंडातल्या तोंडात शिव्या देणारे गज, तिघांनी दोन्ही पंख धुतले. प्रॉथेरोंच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, कोपरांवरून पाणी. "चांगलं केलंस," एवढं एकदाच ते म्हणाले. मेव्हिस घासत राहिली. तिला चांगलं वाटत नव्हतं. पाठीवर सगळ्या बाकाचे डोळे टोचत होते.

लॅनियन वर गेले तेव्हा पश्चिमेला ढग गोळा होत होते. या वेळी मेव्हिस कुंपणाकडे धावली नाही. पण उभीही राहवेना. नख खाल्लं, फडकं सोडलं, बांधलं, सोडलं. वर कुठेतरी मर्लिन इंजिनचा तो खर्जातला आवाज लांब जायचा, जवळ यायचा. आता ते सरळ रेषेत धरलं असेल. आता काटा स्थिर झाला असेल. भरून येऊ दे, ती म्हणाली. लगेच म्हणाली, नको. पुन्हा म्हणाली, येऊ दे.

विमान उतरलं. लॅनियननी टोपी काढली आणि एक बोट वर केलं.

"एक?" प्रॉथेरो ओरडले.

"एकच मैल! धडावर हजारो वाटाणे घेऊन, आणि हिला पत्तासुद्धा नाही!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धडाच्या बाकावरच्या पोरी एकेक करून आत गेल्या. गजनी मेव्हिसच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मग स्वतःची मान खाजवली. "सोमवारपासून हॉल," ते म्हणाले. "तुझ्या मावशीला मी सांगतो. खुर्चीला उशी द्यायला सांगतो."

मेव्हिस पेगीजवळ गेली. पेगी बाकाखालची आपली हत्यारं पिशवीत भरत होती.

"पेगी."

पेगीनं मान वर केली नाही. "मी तुझ्याशी बोलत नाहीये."

मेव्हिस वळली आणि सरळ गेटबाहेर पडली. शिट्टी व्हायची होती, पण तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही. पूल ओलांडला की जुनी लाँड्री होती. तिथे आता चादरींऐवजी पंख तयार व्हायचे, आणि दारात तिथल्या मुकादम मिसेस हॅकेट असायच्या. खांदे गाडीवानाचे, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांच्या खात्यातल्या मुली त्यांच्या पाठीमागेसुद्धा हळू आवाजात बोलायच्या.

"पंखांना सपाटच रिव्हेट लागणार," मेव्हिस धापा टाकत म्हणाली. "आत्ताच ठरलं. म्हणजे तुम्हाला हात लागणार."

"हात आहेत माझ्याकडे."

"माझ्यासारखे नाहीत."

मिसेस हॅकेटनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं. भिजलेला एप्रन, लाल झालेले तळवे, अंगाला माशाचा वास. "चहाचं पाणी नेलंस ती तूच ना?"

बातमी पुलावरून तिच्या आधी आली होती.

"हो. पण काम असलं की मी..."

"जागा नाही."

"मी उद्या येईन."

"उद्याही नसेल."

"परवा येईन. मला बसता येत नाही हो, मिसेस हॅकेट. खरंच येत नाही. मी रोज येईन आणि इथे दारात उभी राहीन, आणि तुम्ही कंटाळाल."

"मी कंटाळत नाही," मिसेस हॅकेट म्हणाल्या. मग आत वळून त्यांनी भंगारातून पत्र्याचा एक वाकडा तुकडा काढला आणि बाकावर आदळला. "एक ओळ बसवून दाखव. मी डोळे मिटून बोट फिरवणार. एकही लागता कामा नये. लागला तर पुन्हा हा पूल ओलांडायचा नाही."

मेव्हिसनं बंदुकीकडे झडप घातली.

"आणि आतून कोण धरणार?" मिसेस हॅकेटनी विचारलं. "माझ्या मुली कामात आहेत. तुझी जोडीदार कुठेय?"

मेव्हिसनं बंदूक पुन्हा बाकावर ठेवली.

"तिला घेऊन ये. शिट्टीनंतर मी कुलूप लावते."

मेव्हिस पळत सुटली. पुलावर एक सायकलवाला तिला चुकवता चुकवता कठड्यावर आदळला आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. गॅरेजच्या गेटपाशी पेगी सायकलला पिशवी बांधत होती. गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. रडून झालेलं दिसत होतं.

"चल," मेव्हिस म्हणाली. श्वास पुरत नव्हता. "पंखांच्या खात्यात. एक ओळ बसवायची. आत्ता."

"सांगितलं ना, मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"बोलू नकोस. नुसता ठोकळा धर."

पेगीनं गाठ मारली. सोडली. मग पिशवीत हात घालून ठोकळा काढला आणि तोंड फुगवून, दोन पावलं मागे राहून, पण पळत निघाली.